मॉरिशसचा निसर्ग आणि तो राखणारे हात



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला 'मॉरिशस बेटाचे निसर्गदर्शन' हा विषय दिला, आणि कार्यक्रमपत्रिका हाती पडताच आमच्या युनियनच्या कचेरीत हशा पिकला. "दादा, तुम्ही बोनसवर बोलायचे, धबधब्यांवर काय बोलणार?" असे एका सहकाऱ्याने विचारले. त्याची शंका रास्त होती. माझे शाळेतले शिक्षण सातवीपाशी थांबले. पुढचे जे काही झाले ते कामगार वाचनालयाच्या बाकावर, पाळी सुटल्यानंतर. परंतु चार वर्षांपूर्वी कामगार संघटनांच्या एका बैठकीच्या निमित्ताने मला त्या बेटावर जाण्याचा योग आला. बैठक आटोपल्यावर आठ दिवस मी तेथल्या साध्या बसमधून हिंडलो, आणि परत आल्यावर जे ग्रंथ हाती लागले ते वाचून काढले. त्यातले जे आपल्यासारख्या सुजाण श्रोत्यांपुढे ठेवण्याजोगे वाटले, तेवढेच आज ठेवणार आहे.

हल्ली आपल्यातल्या कित्येकांचे मुलगे आणि सुना लग्नानंतर मॉरिशसला जातात. फोटो दाखवतात. निळे पाणी, पांढरी वाळू, सुरूची झाडे. फोटो खरे असतात, बेट आहेच तसे सुंदर. पण फोटोत जे येत नाही त्याबद्दल मला बोलायचे आहे. निसर्ग फुकट असतो. निसर्गदर्शन मात्र फुकट नसते. त्याची किंमत कोणी ना कोणी भरलेली असते, आणि ती कोणी भरली हे कळल्याखेरीज आपले पाहणे अर्धेच राहते. हे एवढेच माझे आजचे सांगणे आहे.

प्रथम बेटाची ओळख करून घेऊ. आफ्रिकेच्या पूर्वेला मादागास्कर, आणि त्याच्याही पूर्वेला भर समुद्रात मॉरिशस. मकरवृत्ताच्या थोडे उत्तरेस. क्षेत्रफळ सुमारे १८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे आपला एखादा मोठा तालुका. सर्वांत उंच शिखर ८२८ मीटर. कळसूबाई पाहिलेल्या माणसाला ते टेकडीसारखे वाटेल. पण समुद्रातून ते डोंगर असे एकदम उभे राहतात की उंचीचा हिशेब मनात येत नाही.

हे बेट ज्वालामुखीने घडवले. वय सुमारे ८० ते ९० लाख वर्षे. आता एक गंमत ऐका. आपला सह्याद्री, आपले दख्खनचे पठार, ज्या काळ्या कातळात शिवरायांचे गड उभे आहेत तो कातळ, हाही लाव्हारसच. तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातून वर आला. भूशास्त्रज्ञ असे सांगतात की पृथ्वीच्या पोटातल्या ज्या तप्त जागेने दख्खनचा कातळ ओतला, तिनेच पुढे मॉरिशस आणि शेजारचे रेयुनियन बेट घडवले. हिंदुस्थानचा भूखंड उत्तरेकडे सरकत गेला; ती भट्टी खाली जागच्या जागी जळत राहिली. तेव्हा तेथला काळा दगड हातात घेतला की तो ओळखीचा वाटतो, यात नवल नाही. एकाच भट्टीतला तो माल आहे.

क्यूरपीप नावाच्या गावात, भर वस्तीला लागून, 'त्रू ओ सेर' नावाचे ज्वालामुखीचे विझलेले मुख आहे. कढईसारखा गोल खोल खड्डा, उतारावर दाट झाडी, तळाशी थोडे पाणी. काठावरून सकाळी माणसे फेऱ्या मारतात. जेथून एके काळी आग निघाली, तेथे आता निवृत्त मास्तर रक्तदाब उतरवायला येतात. नैऋत्येला शामारेल येथे 'सात रंगांची माती' पाहायला मिळते. उघड्या बोडक्या उंचवट्यांवर तांबडा, तपकिरी, जांभळा, पिवळसर असे पट्टे. ही चित्रकारी कोणाची? लाव्हारसाचा दगड ऊनपावसात शतकानुशतके कुजला, विरघळणारे क्षार वाहून गेले, आणि मागे लोह व ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे राहिली. लोहाने तांबडे रंग दिले. जवळच शामारेलचा धबधबा एकाच उडीत दरीत कोसळतो. आणि थोडे वर डोंगरात आहे ग्राँ बासँ, म्हणजे आपल्या लोकांचे 'गंगा तलाव', तेही ज्वालामुखीच्या मुखात साठलेले पाणी. महाशिवरात्रीला बेटभरातून लाखो माणसे पायी चालत तेथे येतात. १९७२ साली त्या पाण्यात भारतातून नेलेले गंगाजल ओतण्यात आले.

आता समुद्र. मॉरिशसचा समुद्र इतका शांत का? बेटाभोवती बहुतेक सर्व बाजूंनी प्रवाळाची भिंत आहे. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे. तो लहान लहान जिवांनी बांधलेल्या घरांचा ढीग आहे. बाहेरच्या महासागराची लाट त्या भिंतीवर आपटते, फुटते, आणि आत येईपर्यंत तिचा सगळा आवेश ओसरलेला असतो. भिंत आणि किनारा यांच्या मधल्या उथळ निळ्या पाण्याला लगून म्हणतात. किनाऱ्यावरची पांढरी वाळूही बहुतांशी प्रवाळाचा आणि शंखशिंपल्यांचा चुराच. थोडक्यात, पाहुणा ज्या वाळूवर आडवा होतो ती वाळू आणि ज्या पाण्यात पोहतो ती शांतता, दोन्ही या न दिसणाऱ्या कामगारांच्या कमाईवर उभी आहेत. पाणी फार तापले की प्रवाळ पांढरा पडतो आणि तसेच राहिले तर मरतो. अलीकडच्या दशकांत हे वारंवार घडले आहे. भिंत गेली तर पुढचे काय, हे सांगायला शास्त्रज्ञ नको.

निसर्ग आपोआप टिकतो अशी आपली एक समजूत असते. त्या समजुतीवर मॉरिशसइतके कडक उत्तर दुसऱ्या कोणत्या भूमीने दिले नसेल. डच लोक १५९८ साली तेथे उतरले, तेव्हा बेटावर माणसांची वस्ती नव्हती. डोडो नावाचा एक मोठा, उडता न येणारा, कबुतराच्या कुळातला पक्षी तेथे राहत होता. त्याला शत्रू ठाऊक नव्हता, म्हणून भीतीही ठाऊक नव्हती. माणसाने त्याला मारले, पण त्याहून अधिक मारले ते माणसाबरोबर जहाजातून उतरलेल्या उंदरांनी, डुकरांनी आणि माकडांनी. त्यांनी त्याची अंडी फस्त केली. डोडो पाहिल्याची सर्वमान्य अशी शेवटची नोंद १६६२ सालची आहे. म्हणजे ओळख झाल्यापासून ६४ वर्षांत खेळ खलास. आज तो पक्षी टॉवेलांवर, कपांवर आणि राष्ट्राच्या बोधचिन्हावर आहे. जिवंत असताना ज्याची कोणी पर्वा केली नाही त्याचे मेल्यावर पुतळे उभारायचे, ही रीत फक्त पक्ष्यांपुरती नाही, हे या सभेत मी वेगळे सांगायला नको.

तरी निराश होण्याचे कारण नाही. तेथल्या ससाण्याची गोष्ट ऐका. जंगलतोड आणि हिवतापाविरुद्ध फवारलेले डीडीटी यांनी त्याचा असा फडशा पाडला की १९७४ साली रानात अवघे चार ससाणे उरल्याची नोंद झाली. चार! मग काही चिकाटीच्या माणसांनी अंडी उबवली, पिले हाताने भरवली, रानात सोडली, लाकडी घरटी टांगली. आज ते ससाणे शेकड्यांनी मोजता येतात. गुलाबी कबुतरही असेच मरणाच्या दारातून परत आणले गेले. हे पक्षी पाहायचे तर ब्लॅक रिव्हरच्या दऱ्यांतल्या राष्ट्रीय उद्यानात जावे. ते १९९४ साली जाहीर झाले आणि त्याचा विस्तार साडेसहा हजार हेक्टरांहून अधिक आहे. मूळ अस्सल जंगल मात्र साऱ्या बेटावर शेकडा दोनहूनही कमी उरले आहे.

मग बाकीचे जंगल गेले कोठे? डचांनी आबनूस तोडून विकला, आणि पुढे फ्रेंच व इंग्रज अमदानीत उसासाठी रान साफ झाले. आजही बेटावर बसने जाताना खिडकीतून दोन्ही बाजूंना ऊसच दिसतो. वाऱ्याबरोबर हलणारा, तुऱ्यावर आलेला ऊस फार देखणा असतो. त्या हिरव्या मळ्यांत मधूनमधून काळ्या दगडांचे ढीग आणि चिरेबंद रचलेले चौथरे दिसतात, काही तर पायऱ्यापायऱ्यांचे, मनोऱ्यासारखे. माझ्या शेजारच्या आसनावरील एका भारतीय पाहुण्याने विचारले, "हे कोणत्या राजाने बांधले?" उत्तर असे की कोणत्याच राजाने बांधले नाही. ज्वालामुखीच्या जमिनीत दगडच दगड. ऊस लावायचा तर ते उपसून काढले पाहिजेत. ते मजुरांनी हातांनी उपसले, डोक्यावरून वाहिले आणि रचून ठेवले. पुढे यंत्रे आली, पण सुरुवात हातांनी झाली. माझ्या मते मॉरिशसमधले सर्वांत मोठे प्रेक्षणीय स्थळ हेच आहे, आणि त्याला तिकीट नाही.

हे हात कोणाचे? आधी आफ्रिकेतून आणि मादागास्करमधून पकडून आणलेल्या गुलामांचे. गुलामगिरी १ फेब्रुवारी १८३५ रोजी बंद झाली. नुकसानभरपाई दिली गेली ती मालकांना, सुमारे २० लाख पौंड. गुलामांना काही नाही. नैऋत्य टोकाला समुद्रात घुसलेला 'ल मॉर्न' नावाचा ५५६ मीटर उंचीचा पहाड आहे. त्याच्या पायथ्याची वाळू आणि पाणी बेटावरच्या उत्तमांत गणतात. पण त्या कड्यावरच्या गुहांत पळून आलेले गुलाम दडत असत. लोक अशी कथा सांगतात की गुलामगिरी संपल्याचे सांगायला शिपाई वर चढले, ते पकडायलाच आले असे समजून वरच्यांनी कड्यावरून उड्या टाकल्या. कथेची ऐतिहासिक शहानिशा काहीही होवो; ज्यांना सुटकेची वार्तादेखील धमकीसारखी भासावी, त्यांच्या आयुष्याची कल्पना त्यातून येते. २००८ साली हा पहाड जागतिक वारसा ठरला.

गुलाम सुटणार हे दिसताच मळेवाल्यांनी हिंदुस्थानाकडे पाहिले. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलस' जहाजातून ३६ मजूर पोर्ट लुईला उतरले. महिना ५ रुपये, पाच वर्षांचा करार. पुढे १९२० पर्यंत साडेचार लाखांच्या घरात माणसे गेली. बिहारची, तामिळ व तेलुगू मुलखातली, आणि मुंबई बंदरातून आपल्या कोकणातलीही. बंदरावरच्या ज्या इमारतीत त्यांची नोंद होई, तिला आज 'आप्रवासी घाट' म्हणतात. २००६ साली तोही जागतिक वारसा झाला. तेथे दगडी पायऱ्या आहेत, फक्त सोळा. पाहायला पाच मिनिटे लागतात. चढायला काहींना साऱ्या आयुष्याची किंमत पडली.

मळ्यावरचा कायदा काय होता? एक दिवस खाडा झाला तर दोन दिवसांचा पगार कापायचा. मुकादमाला तिकडे 'सरदार' म्हणत. करार संपलेल्या माणसानेही खिशात फोटोचा परवाना बाळगायचा; नसला तर भटक्या म्हणून तुरुंग. १८७१ साली आदोल्फ द प्लेवित्झ या युरोपीय वंशाच्या गृहस्थाने मजुरांची गाऱ्हाणी लिहून काढली. त्या अर्जावर ९४०१ जणांनी सह्या-अंगठे दिले, आणि राजाज्ञेने चौकशी आयोग आला. मित्रहो, मी आयुष्यभर सह्या गोळा करत आलो आहे. नोकरी जाण्याचे भय असताना शंभर सह्या मिळवायला काय लागते ते मला माहीत आहे. त्या ९४०१ खुणांपुढे मी मनातल्या मनात हात जोडले.

पुढे १९३६ साली तेथे मजूर पक्ष निघाला. १९३७ च्या ऑगस्टात उसाच्या भावावरून उठाव झाला, गोळीबार झाला, माणसे मेली, आणि १९३८ साली कामगारांच्या संघटनांना कायद्याची मान्यता मिळाली. २७ सप्टेंबर १९४३ रोजी बेल व्ह्यू हारेल येथे संपकऱ्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. त्यांत अंजले कुपेन ही गरोदर मजूर बाई ठार झाली. आज तिच्या नावाचे क्रीडांगण तेथे आहे. १२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला.

आपण म्हणाल, हा इतिहास झाला. निसर्गदर्शनाचा याच्याशी आज काय संबंध? आजचा संबंध किनाऱ्याचा आहे. साखरेची जागा मोठ्या प्रमाणात पर्यटनाने घेतली. बेटाची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. २०१९ साली पाहुणे आले १३ लाख ८० हजारांवर. यजमानांपेक्षा पाहुणे अधिक! तेथे एक जुना नियम आहे. भरतीच्या रेषेपासून आत ८१ मीटरांहून थोडी अधिक पट्टी ही सरकारची राखीव जमीन. फ्रेंच अमदानीत १८०७ साली तसे ठरले, आणि ती विकता येत नाही. भरतीरेषेखालची वाळू तर सर्वांचीच. कागद इतका चोख आहे. पण त्या पट्टीतले मोठमोठे तुकडे हॉटेलांना आणि बंगल्यांना दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने दिलेले आहेत. वाळू सर्वांची, पण वाळूपर्यंत जाणारी वाट कोणाची? एका हॉटेलात खोल्या आवरणाऱ्या बाईंशी माझे बोलणे झाले. त्या म्हणाल्या, "समुद्र मला रोज दिसतो, चादर बदलताना, खिडकीतून." मी त्या वाक्यावर भाष्य करणार नाही.

तरीही रविवारी जे सार्वजनिक किनारे आहेत तेथे जाऊन पाहा. सुरूच्या सावलीत बसगाड्या उभ्या, आजीपासून नातवापर्यंत सारे कुटुंब, पातेल्यात बिर्याणी, आणि रावान नावाची बकऱ्याच्या कातड्याची डफासारखी चर्मवाद्ये विस्तवावर तापवून धरलेला सेगा नाच. हा नाच गुलामांचा. मला विचाराल तर मॉरिशसचा समुद्र पाहायचा तो त्यांच्या शेजारी बसून.

आणि हा किनारा संकटात आला तेव्हा कोण धावले तेही सांगतो. २५ जुलै २०२० रोजी 'वाकाशियो' नावाचे सुमारे ३०० मीटर लांबीचे मालवाहू जहाज आग्नेय किनाऱ्याच्या प्रवाळभिंतीवर चढले. ६ ऑगस्टला तेल गळू लागले. सुमारे १००० टन तेल त्या निळ्या पाण्यात गेले. तेव्हा हजारो सामान्य माणसे, कोळी, विद्यार्थी, गृहिणी किनाऱ्यावर जमली. त्यांनी उसाची पाचट गोण्यांत भरली, तरंगण्यासाठी रिकाम्या बाटल्या बांधल्या, आणि मैलोगणती लांबीचे तरंगते बांध शिवून तेल अडवले. ज्या उसाने त्यांच्या पणजोबांच्या पाठी वाकवल्या, त्याच उसाची पाचट समुद्र वाचवायला कामी आली. ऑगस्टअखेर या कामात गुंतलेली एक टगबोट बुडाली आणि तिच्यावरचे चार जण घरी परतले नाहीत. निसर्गदर्शनाच्या पुस्तिकेत त्यांची नावे नसतात.

आपल्या माणसांविषयी दोन शब्द. कोकणातून गेलेल्यांचे वंशज आज तेथे आहेत. घरात बहुतेक क्रेओल बोलतात, पण शाळेत मराठी शिकण्याची सोय आहे, झाकरीची गाणी टिकली आहेत, आणि गणेशचतुर्थीला साऱ्या देशाला सुट्टी असते. एका वृद्ध गृहस्थांनी मला अडखळत्या मराठीत विचारले, "तुमचा गाव कंचा?" पाचव्या पिढीतला तो प्रश्न ऐकून माझा कंठ दाटून आला. ज्यांना त्यांचा गाव कोणता हे आता ठाऊक नाही, ते आमचा गाव विचारतात!

शेवटी, तिकडे जाल तर काय पाहाल? शामारेल पाहा, पाँप्लमूसच्या बागेतली परातीएवढी कमळपाने पाहा, प्रवाळ पाहा, पण त्यावर पाय देऊ नका. पण आप्रवासी घाटाच्या सोळा पायऱ्यांना एक सकाळ द्या, मळ्यातल्या दगडांच्या राशींपाशी थांबा, आणि जी बाई तुमची खोली आवरते तिचे नाव विचारून घ्या.

आणि जाणार नसाल तर आपले तारकर्ली-मालवण आहेच. तेथल्या पाण्यातही प्रवाळ आहे, वाळूही पांढरी आहे, आणि वाळूपर्यंतची वाट कोणाची, हा प्रश्न तेथेही उंबरठ्यावर येऊन उभा आहे. भारत सरकारने किनारपट्टीचे नियम १९९१ साली केले. पुढे ते अनेकदा बदलले, बहुधा सैल होण्याच्या दिशेने. मॉरिशसच्या लोकांनी आपल्या वाटांसाठी जे प्रश्न विचारले ते आपण वेळेवर विचारावेत. वाट बंद झाल्यावर भांडण्यापेक्षा ती उघडी असताना तिच्यावरून चालत राहणे सोपे असते, हा आमच्या संघटनेचा अनुभव आहे.